झिपरूवरचा आळ

धुळे,
२८ नोव्हेंबर १९९१

चि. गिरधर यास लताअक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत. तुझ्या खांद्याचा मुका मार आता उतरला असेल. रावेरहून आबांचं पत्र होतं. पोरगं केळीच्या बागेत फिरकत नाही आणि मद्रासला जाऊन एकट्यापुरत्या गाडीत घुसतं, अशी तक्रार. ज्युनिअर गटाच्या पहिल्या दोन शर्यती तू जिंकलास, तेव्हा पेपरचं कात्रण खिशात घालून अख्ख्या रावेरला त्यांनीच दाखवलं, हे मात्र त्यांनी लिहिलेलं नाही.

आता तू विचारलंस त्याबद्दल. तिसऱ्या शर्यतीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी गाडीचा वेग उतरेना, वळणावर ती टायरांच्या ढिगात घुसली. इंजिन झिपरू मिस्तरीच्या हातचं, आणि आदल्या दिवशी तुझ्याविरुद्ध शर्यतीत असलेल्या मुंबईच्या मंडळींनी त्याला जेवायला नेलेलं. म्हणून तू त्याला सगळ्यांदेखत हाकललंस आणि मला लिहिलंस, की तो फितूर झाला का ते काढ. तुझ्या दाजींच्या गॅरेजात तो दहा वर्षं होता. पण माणूस कधी फिरेल सांगता येतं का, असं मलाही वाटलं.

सोमवारी एस.टी.नं शिंदखेड्याला त्याच्या घरी गेले. पापड द्यायचं निमित्त. दारात नवे पत्रे रचलेले. म्हटलं, सापडला. त्याच्या आईला, सुंदरबाईला, आडून विचारलं तर ते भावकीतल्या लग्नाच्या मांडवाचे निघाले. खुंटीवर भारी शर्ट दिसला, तो पहिल्या शर्यतीनंतर तूच दिलेला. तिनं तीनदा चहा विचारला, आणि तिन्ही वेळा माझं लक्ष तिच्या डब्याडुब्यांकडे. आपल्या माणसाचं घर असं न्याहाळताना मला जराही लाज वाटली नाही.

मग झिपरू आला. मुंबईवाल्यांकडे काय जेवलास, असं मी विचारलं. डोसा, म्हणाला. आमच्याकडे कामाला ये असं त्यांनी विचारलं होतं, त्यानं नाही म्हटलं. हे गिरधरभाऊला का नाही सांगितलंस? तर म्हणे, भाऊनं विचारलंच नाही.

मी उठेना तसा त्यानं तंबाखूचा डबा माझ्यासमोर उघडला. आपटलेल्या गाडीचं इंजिन त्यानं तिथंच खोललं होतं. कार्बोरेटरमध्ये हवा सोडणारी चकती असते, तिच्या कडेत अडकलेला दाणा त्यानं जपून ठेवला होता. तांदळाचा दाणा, कुंकवानं लाल झालेला.

गिरधर, दुसऱ्या शर्यतीनंतर इंजिन दुरुस्तीला इथं आणलं होतं. दसऱ्याला ते गॅरेजातच होतं. त्या दिवशी पान्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, तुझं इंजिन मी कसं सोडणार? कार्बोरेटरच्या तोंडात झिपरूनं चिंधी कोंबलेली, काळी, तेलकट. पूजेत ती बरी दिसेना म्हणून मी उपसली. ओलं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, तुझ्यासाठी म्हणून मूठभर टाकल्या, आणि वर स्वच्छ रुमाल कोंबला. सरावात काही झालं नाही. शर्यतीत तू पूर्ण जोर लावलास तेव्हा दाणा चकतीत जाऊन बसला.

हे मला शिंदखेड्यात आठवलं असं लिहिलं असतं तर तुला खरं वाटलं असतं. तसं नाही. तुझं पत्र आलं त्याच दुपारी आठवलं. वेग उतरेना, एवढं वाचलं तेव्हाच. तरी मी कुणापाशी बोलले नाही, झिपरूचा गुन्हा शोधायला निघाले. तो सापडला असता तर मी सुटले असते.

भाऊ हाकलत होता तेव्हा गप्प का बसलास, असं मी त्याला विचारलं. खाली बघत तो म्हणाला, “अक्का, मी तुमनं नाव लिधं असतं ते भाऊनी तुमना हातना च्याबी पिधा नसता.” माझ्या हातचा चहा तू सोडशील म्हणून त्यानं माझं नाव घेतलं नाही.

सुंदरबाई चुलीपाशी होती. फितूर म्हणून धुळ्यात आता एकही गॅरेजवाला त्याला दारात उभं करत नाही, एवढंच ती मला म्हणाली. ती बोलली त्यात राग नव्हता, म्हणून मला जास्त लागलं.

हे पत्र घेऊन झिपरूच येतो आहे. पाकीट चिकटवलेलं नाही. त्याला वाचता येतं, पण त्यानं वाचलेलं नसेल. आठ तारखेच्या शेवटच्या शर्यतीला इंजिन त्याच्याच हाती दे. त्याआधी ज्यांच्यादेखत त्याला हाकललंस, त्यांच्याचदेखत त्याची माफी माग, आणि चूक कुणाची ते माझं नाव घेऊन सांग. दाजींना मी आजच सांगते. धुळ्यातल्या गॅरेजांमध्ये उद्या स्वतः जाईन, काय बोलायचं ते अजून जुळत नाही, पण जाईन.

माझ्यावर किती रागवायचं ते तू ठरव.

जिच्यावर कुणीच संशय घेतला नाही, ती तुझी
लताअक्का