कोपऱ्यातलं शेलार

शहापूर, रविवार, फेब्रुवारी १९९८

आज मुरबाडला गायक शेलारबुवांचा सत्कार झाला. आमचं आडनाव एक, नातं काही नाही. ते गातात, मी नाटकांचे पडदे रंगवतो. शाल अंगावर पडताच बुवा माईकवर म्हणाले, "मागचा पडदा बघा. वीस वर्सं याच्यापुढं गातोय. कोपऱ्यात शेलार लिवलंय. पेंटर शेलार, वर या हो." मी गेलो. त्यांनी आपली शाल काढून माझ्या खांद्यावर घातली.

तो पडदा माझा नाही. अण्णांनी, माझ्या थोरल्या भावाने रंगवलेला. कोपऱ्यातलं शेलार म्हणजे अण्णा. मी तेव्हा नुसते रंग कालवून द्यायचो. माईक समोर होता, एक वाक्य पुरलं असतं. का नाही बोललो? लाज वाटली म्हणून? की बरं वाटलं म्हणून? बरंच वाटलं असावं.

अण्णा जाऊन चार वर्षं झाली. परत येताना थेट वहिनींकडे गेलो, शाल पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, रागावतील. त्या शालीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, टाळ्या लय वाजल्या काय?"

"लय वाजल्या," मी म्हणालो. माईकवर नाही, निदान इथे तरी खरं सांगता आलं.