केविनच्या शेजारची खुर्ची
सोहार, गुरुवार, १७ ऑगस्ट २०१७

आज कॅन्टीनमध्ये आमच्या कारखान्यातल्या अमेरिकन इंजिनिअरने, केविनने, मला मोबाइलवर मशाली घेतलेल्या गोऱ्या तरुणांचा मोर्चा दाखवला. म्हणाला, "त्यांचं काय चुकलं? आमचा देश आमच्याच लोकांचा राहायला हवा. तुझ्याबद्दल नाही बोलत." सहा वर्षं शेजारी बसून जेवतोय आम्ही.

मी म्हटलं, "माझी मुलगी तिथेच शिकतेय."

"शिकून परत येईलच ना?"

तो स्वतः इथे ओमानमध्ये बारा वर्षं आहे. हे मी का बोललो नाही?

घरी येऊन प्रज्ञाला फोन लावला. मोर्चाचं विचारलंच नाही. जेवलीस का, एवढंच.

"बाबा, इथे सकाळ आहे," म्हणाली आणि हसली.

दोन वर्षं पाहिलं नाही तिला. 'परत ये' म्हणावंसं फार वाटलं. पण आज ते शब्द केविनचेच वाटले, माझ्या तोंडून निघेनात.