अमेरिकेहून आलेली बारशाची कॅसेट

६ नोव्हें. ८६, सिंदी मेघे
नागपूरहून परतलो. सुमनचा उजवा डोळा गेलाच म्हणे. काचबिंदू. डावा किती दिवस, डॉ. सांगत नाहीत. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, “अनिलची कॅसेट लावा न. नातीचं तोंड पाहू द्या मले.”

७ नोव्हें.
पोरानं, अनिलनं पाठवलेली कॅसेट महिनाभर कपाटात. आपल्याकडच्या व्हिडिओत घातली की नुसत्या रेघा. अमेरिकेचं सगळंच वेगळं, तिकडे चित्र सेकंदाला साठदा, इकडे पन्नासदा. नाचणगावचे देवरावभाऊ कुवेतहून आले, त्यांच्या व्हिडिओवर दोन्हीकडच्या कॅसेटी चालतात. मागून आणला. कॅसेट चालते, पण आपल्या टीव्हीवर चित्र खालून वर पळत सुटतं. मधली जोडणी घरीच करावी लागणार. शाळेत फिजिक्स शिकवतो म्हणे मी!

१० नोव्हें.
मधल्या जोडणीसाठी साबणाच्या डबीत दोन ट्रान्झिस्टर बसवले. टीव्हीचं मागचं झाकण काढलं आणि झटका बसला, पार खांद्यापर्यंत.
“काऊन ओरडले?”
“काही नाही.”
चित्र पळतंच आहे.

१२ नोव्हें.
डबी दोनदा उकलली, पुन्हा जोडली. सुमन चौकटीला धडकली, वरण सांडलं. मी खेकसलो. तिच्यावर! लाज वाटते.

१३ नोव्हें.
चित्र थांबलं!! सुमन बहिणीकडे गेली होती. पोरगी पाळण्यात, कॅसेटभर गाढ झोपलेली. एकटाच रडलो. पण टीव्ही रंगीत असून चित्र काळं-पांढरं. अंगात सुमननं शिवलेलं लाल झबलं. तेवढं शिवलं आणि मग तिला सुईत दोरा ओवता येईना. ते लालच दिसायला हवं. तिला बोललो नाही. रंग आला की दाखवू.

१६ नोव्हें.
रंगासाठी टीव्हीतला क्रिस्टल बदलून पाहिला. हिरवे चट्टे, बाकी काही नाही. “झालं का हो?” दिवसातून चारदा. “होऊन राह्यलं.”

१८ नोव्हें.
नाही जमत. अक्कल संपली. उद्या आहे तसं दाखवतो.

१९ नोव्हें.
आवाज टीव्हीतून येईना, म्हणून खिडकीतल्या रेडिओला जोडला. सुमन चांगलं पातळ नेसून बसली. कॅसेटमधल्या बायका पाळणा म्हणू लागल्या. चित्र पुन्हा पळू नये म्हणून मी टीव्हीच्या बटणाला धरून. कॅसेट संपत आली तेव्हा वळून पाहिलं. सुमन खिडकीकडे तोंड करून बसलेली. रेडिओकडे बघत हसत होती.
“दिसली का?”
“दिसली न. कशी टकमक पाहून राह्यली माह्यासारखी!”
मी हो म्हणालो.
तेराला दाखवलं असतं तर? सहा दिवस. एका रंगापायी. मूर्ख, मूर्ख माणूस.
उद्या पुन्हा लावा म्हणते. रेडिओ टीव्हीवर ठेवला तर तोंड तरी तिकडे राहील. की सरळ विचारू तिला? विचारलं आणि तिनं खरं सांगितलं, तर