हुस्नाबीची सही

६ मार्च १९६८, घाटंजी

हुस्नाबीचा डावा पाय मांडीपर्यंत सुजलाय. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतो. नवरा अय्यूब, सायकल दुरुस्तीवाला, तिला यवतमाळला घेऊन गेलता. तिथले डॉक्टर म्हणाले, शिरेत रक्ताची गाठ झाली. मग विचारलं, मूल न होण्याच्या गोळ्या घेता का?

ती म्हणे, "नाई जी. मी तं ताकदीच्या घेऊन राह्यली."

डॉक्टरांनी पाकीट पाहिलं. त्याच होत्या. आता पायमशीन बंद, शिवणकाम बंद. आणि त्या गोळ्या वाटल्या कुठे? माझ्या वर्गात! बायांच्या दुपारच्या साक्षरता वर्गात.

९ मार्च

विमलला गाठलंच. आमची नर्सबाई, माझी आठ वर्षांची मैत्रीण, माझ्या आजारपणात रोज डबा आणणारी. विचारलं, गोळ्या ताकदीच्या म्हणून का वाटल्यास? तोंडावर म्हणाली, "खरं सांगितलं असतं तर एकीनं तरी घेतल्या असत्या काय? लूप बसवायच्या वेळी कश्या पळाल्या, पाह्यलं नाहीस?" वरून गोळ्या घेणाऱ्यांचा आकडा मागत होते म्हणे. आणि मग — "तुझी हुस्नाबी काय तक्रार करते, सही हाये तिची."

सही!

नोव्हेंबरात जीप आली होती. नागपूरचे डॉक्टर, इंग्रजीत छापलेले कागद. विमल म्हणाली होती, काही नाही गं, गोळ्या मिळाल्याची पोच आहे. अंगठ्यासाठी शाईची गादीही आणली होती त्यांनी. ती मीच परत केली. मोठ्या तोऱ्यात म्हणाले, माझ्या बाया अंगठा देत नाहीत. बावीस जणींनी ओळीनं सह्या केल्या. हुस्नाबीला पाच मिनिटं लागली. डॉक्टर थांबले, मी टाळ्या वाजवल्या.

विमलला माहीत होतं कागदावर काय आहे. माझ्या शेजारी उभी राहून हसत होती.

१४ मार्च

अय्यूबसोबत यवतमाळला, सदाशिवराव वकिलांकडे. त्यांनी कागदाची नक्कल मिळवून ठेवली होती. मराठीत सांगत गेले — गोळीचे धोके मला समजावून सांगितले आहेत, मी राजीखुशीनं घेत आहे, पुढे तक्रार करणार नाही. अय्यूब सगळा वेळ माझ्याकडे पाहत होता.

दावा होतो, म्हणाले. सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पण अडचण सहीची आहे. "अंगठा असता तर मी विचारलं असतं, कागद वाचून कोणी दाखवला? ते त्यांनाच शाबीत करावं लागलं असतं. सही करणाऱ्या बाईला कोर्ट अडाणी कसं मानेल?"

मग चष्मा काढून माझ्याकडे वळले. "तुम्हीच सांगा ना साक्षीत, बाई. तिला फक्त नाव काढता येतं, वाचता येत नाही."

म्हटलं, विचार करून सांगते.

अय्यूब म्हणाला, "याच्यात विचार कायचा, बाई?"

१५ मार्च

विचार कायचा! जानेवारीच्या अहवालात मीच लिहिलंय — बावीस महिला साक्षर, वाचन-लेखन उत्तम. पंचायत समितीचं शाबासकीचं पत्र आलं, ते फ्रेम करून भिंतीवर लावलंय. धड वाचता येतं सहाजणींना. हुस्नाबी तर नावापुढे सरकलीच नाही. कोर्टात तसं बोलले की अहवाल खोटा, आणि नोकरी गेलीच. मला मागेपुढे कोणी नाही.

फसवलं विमलनं. मग मरायचं मीच का?

२ एप्रिल

हुस्नाबीकडे गेले. बाजेवर पडून होती, पायाखाली दोन उशा. मशीनवर चादर टाकलेली. मी विमलबद्दल भडाभडा बोलले. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मी विमलताईले कुठं वळखत होती, बाई? तुम्ही म्हणाल्या सही कर, म्हून केली."

मला घरी येऊन जेवण गेलं नाही.

निघताना विचारलं होतं तिनं, "याल न कोर्टात?"

पाहू म्हणाले.

१३ एप्रिल

अय्यूबच्या दुकानावरून जाणं टाळते. मागच्या गल्लीनं शाळेत जाते.

२१ एप्रिल

विमल समोरून आली. बोलले नाही. मैत्रीण म्हणवते आणि माझ्याच हातानं माझ्या बायांचा गळा कापते — हे मी मेले तरी विसरणार नाही.

वकिलांचं पत्र आलंय, साक्षीचं काय ठरलं म्हणून. उत्तर लिहिलं नाही.

३ मे

दुपारी पोस्टमन. रजिस्टर पत्र. "पोच हाये, बाई, इथं सही करा." केली, काही न पाहता.

सदाशिवरावांची नोटीस. सरकार, नागपूरचे डॉक्टर, विमल. चौथं नाव माझं.

खाली लिहिलंय, मजकूर अशिलाला तीनदा वाचून दाखवला, समजल्यावरच तिनं सही केली. त्याखाली हुस्नाबीची सही. मी गिरवून घेतलेली, तीच.