हवेतल्या फेऱ्या

३ मार्च, मंगळवार
ताई शाळा काढतेय. निवृत्त झाल्यावर लोक गुडघे सांभाळत बसतात, हिने घराच्या पुढच्या खोलीत बालवर्ग काढलाय. उद्घाटन बावीसला, रविवारी. पालक मुलांना घेऊन बघायला येणार, पसंत पडलं तर नाव घालणार. भिंतीवर लाकडी मुळाक्षरं हवीत, मुलांना काढून हातात घेता येतील अशी. फोनवर म्हणाली, "तुझ्या त्या मशीनवर होतील का रे?" मी म्हटलं, चार दिवसांत घे. शेजारून बायको म्हणाली, दोन आठवडे सांग. तिचा स्वभाव मुळात संशयी.

मशीन माझंच. कॉम्प्युटरवर अक्षर काढायचं, फळी बसवायची, बटण दाबायचं. फिरतं पातं आपोआप सगळं कापून देतं. पात्याला जाणकार बिट म्हणतात. मीही म्हणतो. मशीनला गॅरेजमध्ये जागा करण्यासाठी स्कूटर बाहेर उन्हात काढावी लागली. स्कूटर बायकोची आहे.

५ मार्च, सकाळी
चाचणी. एका फळीत पाच अक्षरं. लाकूड जाड असल्यामुळे एका दमात कापलं तर बिट मोडतं, म्हणून मशीन थराथराने कापतं. इथवर ठीक. पण त्याची वागणूक बघून डोकंच फिरलं. पहिल्या अक्षराचा वरचा थर कापायचा, बिट उचलायचं, हवेतून दुसऱ्या अक्षराकडे जायचं. असं फळीभर. मग परत पहिल्याकडे, पुढच्या थरासाठी. आणि उचलायचं किती, तर पार छताला नमस्कार करून यायचं! निम्मा वेळ स्वारी हवेतच.

माझं आयुष्य नियोजन विभागात गेलं. असा एक कारकून आमच्याकडे होता. एक कागद उचलला की सगळ्या मजल्यांवरून फिरून यायचा. त्याची मी बदली करवली. मशीनची बदली होत नाही, सुधारणा होते. मधेच बंद केलं.

संध्याकाळी
बायकोने विचारलं, अक्षरं कुठायत. सांगितलं, आधी पद्धत, मग अक्षरं.

७ मार्च
संकल्प : एक अक्षर आरपार कापून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. हाती घेतलं ते तडीस न्यायचं. इतकी साधी गोष्ट मशीन बनवणाऱ्यांना सुचू नये?

दुपारी
"र" बघता बघता झाला. शेवटचा थर कापला गेला तसा तो फळीतून सुटला, बिटाने त्याला टोला हाणला आणि तो उडून कोपऱ्यातल्या रंगाच्या डब्यावर आपटला. डबा बायकोचा. झाकण नीट लावलेलं नव्हतं, ही तिची चूक.
प्रयोग यशस्वी. हवेतल्या फेऱ्या जवळजवळ बंद. र हाती लागला नाही, हा वेगळा मुद्दा.

८ मार्च
अक्षर सुटू नये म्हणून फळीला चिकटलेले छोटे टेकू ठेवायचे आणि शेवटी पटाशीने तोडायचे, असं सुचलं. मॅन्युअल उघडलं तर त्यातही तेच आहे. लिहिणारा हुशार दिसतो.

१० मार्च
ताईचा फोन. तिला फेऱ्यांचा प्रश्न सविस्तर समजावला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "झाली किती?" म्हटलं, आत्ताच आकड्यात बघणं बरोबर नाही. ती म्हणाली, "अरे, मी पालकांना लाकडी अक्षरांचं सांगून बसलेय. प्लॅस्टिकची सगळीकडेच असतात. माझ्याकडे दुसरं दाखवण्यासारखं काय आहे?"
काळजी करू नकोस म्हणालो. ती करते. लहानपणापासूनची सवय.

१२ मार्च
आज उंचीचा बंदोबस्त. बिट वीतभर उचललं जायचं, ते नखभर केलं. आता उठतंय न उठतंय तोच पुढच्या अक्षरावर. देखणं काम! मग वाटेत फळी धरून ठेवणारा क्लॅम्प आला. तो नखभरापेक्षा उंच होता.
आवाज ऐकून वरचे काका खाली आले, अर्ध्या गालाला साबण. "काय पडलं हो?" मी त्यांना उंचीचं तत्त्व समजावायला लागलो. ते म्हणाले, "माझी दाढी अर्धी राहिलीय," आणि गेले. लोकांना कुतूहल म्हणून नाही.
बिट तुटलं. दोष क्लॅम्पचा.

१३ मार्च
नवीन बिट आणायला गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. घरी येऊन बघतो तर जाडी चुकलेली. परत गेलो. पावती घरी राहिली होती. परत आलो, परत गेलो. वाटेत विचार करता येतो, त्यामुळे हा वेळ वाया धरत नाही.

१५ मार्च
मोठा दिवस. कुठून कुठे जायचं ते आता कॉम्प्युटरच ठरवणार : जे जवळ ते आधी. टेकूही एकेकच ठेवला, कारण प्रत्येक टेकूपाशी बिट उचलावं लागतं. पडद्यावर नकली बिट फिरवून पाहिलं. पाणी वाहावं तसं गेलं. बायकोला हाताला धरून आणलं. तिने शेवटपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "छान. आणि खरं कधी?"

१७ मार्च
खरं आज. वेग अवर्णनीय. फक्त एक झालं. अक्षराची बाहेरची कड जवळ पडली म्हणून ती आधी कापली गेली, आतली भोकं नंतरसाठी राहिली. तोवर अक्षरं एका टेकूवर डुगडुगायला लागली. मशीन थांबवावं लागलं.
त्यामुळे भोकं नाहीत. व आणि ब यांच्यात फरक उरलेला नाही. प हे खुरपं वाटतं. ठ कडे बघून बायको म्हणाली, "हे कुठल्या बरणीचं झाकण?" आणि त्यावर चहाचा कप ठेवला. चहा सांडला नाही. म्हणजे पातळी उत्तम आलीय.
ज्यांना भोकच लागत नाही अशी दोन नीट निघाली. नमुना म्हणून बायकोबरोबर ताईकडे पाठवली.

संध्याकाळी
ताईचा फोन. म्हणाली, अक्षरं टेबलावर शेजारी शेजारी उभी केली. ह आणि ट. "पहिल्या दिवशी पालकांना हेच दाखवू का, हट?"
हसत होती. म्हणजे रागावलेली नाही. रागावली की ती माझं पूर्ण नाव घेते.

२० मार्च
बायको संध्याकाळची घरात नसते. ताईकडे जाते. केसात पुठ्ठ्याचे कपटे घेऊन परत येते. विचारलं तर म्हणाली, "तूही चल, कात्री धरायला माणूस हवंय." मी पुढच्या सुधारणेच्या गणितात होतो. कात्रीने अक्षर कापताना हात किती वेळा उचलावा लागतो, याचा त्या दोघींनी विचार तरी केला असेल का?

२२ मार्च, रविवार
उद्घाटन. भिंतीवर रंगीत पुठ्ठ्याची अक्षरं. निळा क जरा कलला होता. मुलांनी आल्या आल्या दोन उपटली, ताईने परत चिकटवली. पोरं चटयांवर लोळली, एक रडलं, एक निघायलाच तयार नव्हतं. बऱ्याच जणांनी नावं घातली.
मी दाराआड पाण्याचे पेले भरत होतो. एका वडिलांनी विचारलं, लाकडी अक्षरं होती ना? ताई म्हणाली, "माझा भाऊ करतोय. घाईगर्दीत काही करायचं नाही त्याला. पण केलं की बघत राहाल."
ताई कधी थापा मारत नाही. कानांपाशी गरम झालं. खोलीत माणसं फार होती, त्याने असेल.
पेले भरून झाले तरी थोडा वेळ तिथेच थांबलो.

२३ मार्च
सकाळी बायकोने माझ्या सगळ्या सुधारणा पुसून टाकल्या. मूळ सेटिंग, मॅन्युअलमधले टेकू, आतली भोकं आधी. मी हरकत घेतली. म्हणालो, अगं, ते हवेत हिंडत बसेल. ती म्हणाली, "हिंडू दे त्याला. तू बस."
बटण तिनेच दाबलं. बिट उठलं, छताकडे बघितलं, रमतगमत निघालं. मी मान फिरवली. चहा झाला. वरचे काका पूर्ण दाढी करून आले आणि खुर्ची ओढून बसले. आवाज एकसारखा आहे, डोळा लागतो म्हणाले. त्यांचा लागलाही. आणखी एकदा चहा झाला.
सगळी निघाली. ठ ला भोक आहे. व आणि ब वेगवेगळे आहेत.
दुपारभर दोघांनी मिळून कडा घासल्या.

२५ मार्च, बुधवार
अक्षरं ताईकडे पोचवली. मुलं झडपच घालायला आली. एका मुलीने ठ डोळ्याला लावला आणि भोकातून माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. ताईने म उचलला, कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "किती गुळगुळीत केलंयस रे." मी चष्मा काढून पुसायला घेतला. भुसा असणार.
मग तिने विचारलं, "वेळ किती लागला?"
खरं ते सांगितलं. दोनदा चहा होईपर्यंत सगळी कापून झाली.
"मग इतके दिवस काय करत होतास?"
म्हणालो, "वेळ वाचवत होतो."
ताई इतकी हसली की चटईवर बसलीच. बायको दाराला टेकून डोळे पुसत होती. मुलंही हसायला लागली. त्यांना काही कळलेलं नव्हतं. मीही हसलो. मलाही नव्हतं.