मशीनच्या सुरात

लेकीच्या आईस मनापासून आशीर्वाद,

सोमवारी सकाळी देवाला हात जोडून लेकीला गाण्याच्या बाईंकडे नेलं. कॉलेजात संगीत शिकायला प्रवेश हवा, आणि त्याची परीक्षा पुढच्याच आठवड्यात आहे. आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

बाईंच्या घरच्या शांततेत तिचा सा लागेचना. बाई म्हणाल्या, "अहो, पोरगी मशीनच्या सुरात गाते! परीक्षेपर्यंत इथे शांततेत राहू द्या, नाहीतर परीक्षा विसरा." आपली खोली माझ्या लाँड्रीच्या वर, वर्षभर खालच्या धुलाई मशीनच्या घरघरीवरच तिचा रियाज झाला. "बाबा, आता काय हो?" म्हणून ती रडली.

परक्या घरी पोर ठेवायची नाही, असं तू बजावलं होतंस. रागावू नकोस. आज तिला बाईंकडे पोचवून आलो.

तुझाच,
लेकीचा बाप