न दिलेल्या आकड्यांची यादी

३ ऑक्टोबर २०११, मागोंग
पोचले एकदाची. बोटीनं पोटातलं सगळं बाहेर काढलं, पण बंदरावर कालवं घातलेल्या गरम शेवया खाल्ल्या आणि जिवात जीव आला. बेटावरच्या या छोट्या इंटरनेट कंपनीत मी आणि त्साय दादा, दोघंच. मुख्य यंत्राच्या डोक्यावर दादांनी कुरकुऱ्यांचा हिरवा पुडा ठेवलाय, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून. मुदत संपायच्या आत न चुकता बदलतात. मी हसले, तर म्हणाले, "हस पोटभर, आ-रोंग, पण हात लावू नकोस." आईला रोज संध्याकाळी फोन करायचं कबूल केलंय. एक दिवस चुकला तरी ती गाऊश्युंगहून बोट पकडेल, तिचा काही नेम नाही.

१२ ऑक्टोबर
कंपनीला इंटरनेटचे नवे पत्ते मिळाले. पत्ते म्हणजे नुसते आकडे, प्रत्येक घराच्या जोडणीला एक. जगात आजवर कुणालाच न दिलेले, कोरे करकरीत. आमच्या गल्लीतल्या अकरा घरांना जोडले, पहिला माझ्या खोलीला. दुपारपासून तक्रारी. कुणाचंच काही उघडत नाही.

१४ ऑक्टोबर
कारण सापडलं. यंत्रात २००३ सालची एक यादी आहे, कुणालाही न दिलेल्या आकड्यांची. त्यांच्यावरून काही आलं तर खोटं समजून अडवायचं. तेव्हा ते बरोबरच होतं. पण आता त्या आकड्यांमागे माणसं आहेत. पुडा दरवर्षी ताजा आणि यादी आठ वर्षांची शिळी. दादांना म्हटलं, आपल्या नव्या पत्त्यांची एक ओळ खोडू या. त्यांनी साफ नकार दिला. यंत्र शहाण्यासारखं चाललंय, त्याला डिवचायचं नाही म्हणे. ते जेवायला गेल्यावर मी खोडली.

१७ ऑक्टोबर
ओळ परत आली आहे. दादांनी समुद्रदेवी माझू मातेची शपथ घेतली, आपण हात लावला नाही म्हणून. पुन्हा खोडली. तासाभरात पुन्हा आली.
घरमालकीण खू आजींचं दुकानही त्या अकरा घरांतलंच. त्यावरून रोजची गिऱ्हाइकं सरळ पुढे जातात. आजींनी हाका मारल्या. कुणी वळून पाहिलं नाही.

२० ऑक्टोबर
आईनं फोन उचलला. मी बोलत होते, ती नुसती "कोण? कोण बोलतंय?" करत राहिली. मग ठेवला. दहा वेळा लावला. खूप रडले.

२२ ऑक्टोबर
माझ्या खोलीला जुना आकडा लावून पाहिला. आता तोही यादीत आहे.
दादा माझ्या खुर्चीत बसून फोनवर कुणाला तरी सांगत होते, जागा रिकामी आहे, माणूस पाठवा. मी समोर उभी होते. खांदा धरून हलवला. त्यांनी खिडकी लावून घेतली—

२४ ऑक्टोबर
आई आली. दादांनी तिला माझ्या खोलीवर आणलंय. ती मुलगी इथे आलीच नाही, म्हणतात. आई म्हणाली, "आली होती. पोचल्याचा फोन केला होता तिनं."
मी गळ्यात पडले. तिनं शाल घट्ट ओढली.

तेव्हाच—
ही वही दिसली तिला. पलंगावर बसून पानं उलटते आहे. पहिल्यापासून, एकेक. मी तिच्या बोटाशेजारी लिहिते आहे. आई, हे बघ, माझं अक्षर—
दादांना म्हणाली, "कोरीच आहे. आ-रोंगसाठी नेते. आल्यावर लिहील."
आई, इथे बघ, मिटू नको, मी इथेच—